साहेबाची शिवी आणि आमचा मुडदा

गेल्या हिवाळ्यात आमच्या हौशी संस्थेचे दोन अंकी नाटक घेऊन आम्ही सांगलीहून पुण्याला गेलो होतो. त्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गेलेल्या पोराला अंगणात आणून ठेवलेले असते. पहिल्या अंकात त्याची आई दिवसातून दहा वेळा "मुडदा बशिवला तुझा" असे म्हणूनच त्याला जेवायला हाक मारते. आता ती त्याच्या उशाशी येऊन बसते आणि केवळ सवयीने, तोंडाला दुसरा शब्दच माहीत नसल्यामुळे, पुन्हा तेच म्हणते: "मुडदा बशिवला तुझा, ऊठ की."

सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिरात हा प्रयोग झाला, तेव्हा त्या वाक्यानंतर सभागृहातले पंखेसुद्धा ऐकू येत होते. पुण्यात त्याच वाक्यावर हशा आला. तो फार मोठा नव्हता आणि कोणी वाईट हेतूने हसले असेही मी म्हणणार नाही. मधल्या चार-पाच रांगांतून प्रसन्न, आपुलकीचा म्हणावा असा खळखळाट उठला आणि आपण भलत्याच जागी हसलो हे उमगताच तो तितक्याच घाईने विरला. तथापि तेवढ्यात नाटक मोडले. ती भूमिका करणाऱ्या बाई विश्रामबागेत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका आहेत; आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. परतीच्या वाटेवर खंबाटकी ओलांडेपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, आणि नंतर हळूच म्हणाल्या, "सर, माझं काय चुकलं?"

त्यांचे काही चुकले नव्हते, एवढे मला ठाऊक होते. नेमके काय झाले होते ते मात्र मला सांगता येईना. कराड मागे पडल्यावर मला एकाएकी न्यूयॉर्कमधले एक तळघर आठवले, आणि मग सांगली येईपर्यंत मीच बोलत राहिलो. त्या रात्री गाडीत जे बोललो, त्याला थोडी शिस्त लावून येथे लिहीत आहे.

माझी मुलगी न्यू जर्सीत राहते. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता तिच्याकडे गेलो असताना, "बाबा, तुम्ही आयुष्यभर इंग्रजी शिकवलंत, आता एकदा खऱ्या इंग्रजाला लोकांना हसवताना बघा," असे म्हणून ती मला मॅनहॅटनमधल्या एका तळघरात विनोदी कार्यक्रमाला घेऊन गेली. मंचावर एकटाच माणूस, हातात ध्वनिक्षेपक, समोर दाटीवाटीने बसलेले शंभरेक अमेरिकन. माणूस इंग्लंडच्या यॉर्कशायरचा होता. आल्या आल्या पहिल्या पाच मिनिटांत त्याने 'ब्लडी', 'बोलक्स' आणि 'वँकर' हे तीन ब्रिटिश अपशब्द इतक्या सढळपणे वाटले की, वर्गात बर्नार्ड शॉ शिकवताना त्यांतला पहिला शब्द मी आयुष्यभर दबक्या आवाजात वाचत आलो होतो याची मला लाज वाटली. प्रेक्षक मात्र खूश होते. माझ्या शेजारी साधारण माझ्याच वयाच्या एक अमेरिकन बाई बसल्या होत्या, त्या तर डोळे पुसत हसत होत्या. उत्तरार्धात त्याने आपल्या एका जिवलग मित्राविषयी बोलताना, स्त्रीच्या गुह्यांगावरून आलेली ती इंग्रजी शिवी अगदी लाडाने वापरली, आणि तळघरातली हवा एकदम गारठली. बाईंनी पर्स छातीशी धरली. त्याला हे अपेक्षित असावे, कारण जरासे थांबून, आमच्याकडे मिठी मारण्यापूर्वी हेच म्हणतात, अशा अर्थाचे काहीतरी बोलून त्याने सगळ्यांना पुन्हा आपल्या बाजूला ओढून घेतले. कार्यक्रम संपल्यावर जिना चढताना त्या बाई माझ्या मुलीला म्हणाल्या की, या माणसाचे बोलणे इतके सुसंस्कृत आहे की नुसते ऐकत राहावे.

तासभर शिव्या ऐकून बाईंचे मत असे पडले. यॉर्कशायर म्हणजे कोळशाच्या खाणींचा आणि लोकरीच्या गिरण्यांचा परगणा. लंडनच्या माणसाला त्या हेलात कामगारांची वस्ती ऐकू येते. न्यूयॉर्कच्या बाईंना त्याच हेलात राजवाडा ऐकू आला, आणि राजवाड्यातून आलेली शिवी ही शिवी राहिली नाही.

यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत, आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुण्याचे कोडे सुटत नाही. पहिली गोष्ट शब्दाच्या वजनाची. शिवीला वजन येते ते लहानपणी तिच्यापायी खाल्लेल्या थोबाडीतून, घरातल्या मोठ्या माणसाच्या बदललेल्या चेहऱ्यावरून. अमेरिकेतल्या मुलाने 'बोलक्स' म्हटले म्हणून त्याच्या आईने त्याला कधी मारलेले नसते, कारण तो शब्द तिच्या घरात नसतोच. ब्रिटनमध्ये प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉम या संस्थेने २०१६ साली लोकांना विचारून शिव्यांची प्रतवारी प्रसिद्ध केली. तीत 'ब्लडी' सौम्य, 'बोलक्स' मध्यम आणि 'वँकर' तीव्र गटात आहे. म्हणजे त्या यॉर्कशायरच्या गृहस्थाने पाच मिनिटांत खालपासून वरपर्यंत तीन पायऱ्या चढून दाखवल्या होत्या, पण समोरच्यांना तो सपाट जमिनीवर चालत असल्यासारखा वाटत होता. अमेरिकेत 'मॅरीड विथ चिल्ड्रन' ही मालिका घराघरांत दिसणाऱ्या वाहिनीवर वर्षानुवर्षे चालली. तिच्यातल्या बायकोचे माहेरचे आडनावच 'वँकर' होते. हा विनोद ब्रिटिश माणसाला जेवढा कळला असेल तेवढा तो अमेरिकन प्रेक्षकाला कळण्याचे कारण नव्हते.

अमेरिकेच्या स्वतःच्या शिव्यांची यादी वेगळी आहे आणि ती न्यायालयापर्यंत जाऊन आलेली आहे. जॉर्ज कार्लिन या विनोदकाराने दूरचित्रवाणीवर कधीच उच्चारता न येणाऱ्या सात शब्दांवर एक प्रवेश रचला होता. १९७२ साली मिलवॉकीमध्ये तो सादर केल्यावर पोलिसांनी त्याला अटक केली. पुढे तशाच प्रवेशाचे ध्वनिमुद्रण एका नभोवाणी केंद्राने दिवसाउजेडी लावले, त्यावरून खटला झाला आणि १९७८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रसारणावर वेळेचे बंधन घालण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. त्या सात शब्दांत खास ब्रिटिश असा एकही शब्द नाही. मात्र ज्या शब्दाने तळघर गारठले तो त्या सातांत आहे. ब्रिटनमध्ये, विशेषतः कामगारवर्गात आणि पुरुषापुरुषांत, तो निर्बुद्ध माणसाला किंवा मित्राला उद्देशून वापरला जातो. अमेरिकेत तो बाईवर फेकला जाणारा दगड आहे. लाडाचा सूर त्या दगडाला मऊ करू शकला नाही.

हे समजायला न्यूयॉर्कला जायची गरज नव्हती. आमच्या महाविद्यालयात जत तालुक्यातला एक विद्यार्थी होता. तो क्रिकेट खेळताना बाद झाला की कन्नडमध्ये एक लांबलचक शिवी देत असे. आम्हा मराठी प्राध्यापकांना तिचा नाद इतका आवडे की आम्ही ती त्याच्याकडून मुद्दाम म्हणवून घेत असू. एकदा मैदानाच्या कडेला आमचे कन्नड जाणणारे शिपाई उभे होते. त्यांनी ती ऐकली, कान धरले आणि ते निघून गेले. आम्ही काय ऐकून हसत होतो हे विचारायचे धैर्य नंतर कोणालाच झाले नाही.

दुसरी गोष्ट हेलाची, आणि ती अधिक गुंतागुंतीची आहे. अमेरिकन प्रेक्षकाला ब्रिटिश हेल आपोआप उच्च कुळाचा वाटतो, असे आज आपण गृहीत धरतो. परंतु ही मोहिनी सनातन नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्यानंतर सहाच वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये एका ब्रिटिश नटाच्या मॅकबेथपायी रस्त्यात प्रेते पडली. विल्यम चार्ल्स मॅक्रेडी हा लंडनचा नामांकित नट, आणि एडविन फॉरेस्ट हा अमेरिकन कष्टकऱ्यांचा लाडका, धिप्पाड, गर्जना करणारा नट. १८४६ साली एडिंबरोत मॅक्रेडीचा हॅम्लेट चालू असताना फॉरेस्टने प्रेक्षकांत बसून सिसकारी टाकली होती, तेथून दोघांचे वैर जाहीर झाले. ७ मे १८४९ रोजी ॲस्टर प्लेस ऑपेरा हाऊसमध्ये मॅक्रेडीवर अंडी आणि बटाटे फेकून लोकांनी प्रयोग बंद पाडला. तो मायदेशी परतायला निघाला होता. तेव्हा वॉशिंग्टन आयर्विंग आणि हर्मन मेलव्हिल यांच्यासह ४७ प्रतिष्ठितांनी पत्र लिहून त्याला थांबवून घेतले. १० मे रोजी त्याने पुन्हा मॅकबेथ केला. बाहेर हजारोंचा जमाव जमला, दगडफेक झाली, सैनिकांनी गोळीबार केला आणि किमान २२ माणसे मेली.

मॅक्रेडीने कोणाला शिवी दिली नव्हती. त्याने शेक्सपिअरचे शब्द त्याच्या नेहमीच्या संयत, घोटीव उच्चारांत म्हटले होते. ऑपेरा हाऊसमध्ये पांढरे हातमोजे घालून बसणाऱ्यांना त्या उच्चारांत संस्कृती ऐकू येत होती, आणि बाहेरच्या खाटकांना, गवंड्यांना, गोदीकामगारांना त्यांत मालक ऐकू येत होता. उच्चार एकच, त्यांचे अर्थ मात्र दोन, आणि तेही एकाच शहरात. त्या काळातल्या अमेरिकन कष्टकऱ्याला ब्रिटिश हेलात जे ऐकू येत असे, ते आजच्या त्या तळघरातल्या बाईंना कितीही कान देऊन ऐकू येणार नाही. मधल्या काळात ब्रिटन त्यांना मालक वाटेनासा झाला, एवढाच फरक पडला.

या राड्यानंतर नऊ वर्षांनी त्याच न्यूयॉर्कने ब्रिटिश हेलावर सूड उगवला, आणि तो हसून उगवला. टॉम टेलर या इंग्रज लेखकाचे 'अवर अमेरिकन कझिन' हे नाटक १८५८ मध्ये लॉरा कीन हिच्या नाट्यगृहात आले. त्यात लॉर्ड डन्ड्रिअरी नावाच्या उमरावाची चिमूटभर भूमिका होती, आणि ती ई. ए. सॉदर्न या इंग्रज नटाच्या वाट्याला अनिच्छेनेच आली होती. त्याने त्या पात्राला बोबडे केले, तोतरे केले, वाक्ये मध्येच विसरायला लावली, चालताना उडी मारायला लावली, आणि बघता बघता नाटक त्याचेच झाले. ज्या घोटीव उच्चारांपुढे प्रतिष्ठित लोक मान झुकवीत होते, तेच उच्चार बोबडे होऊन समोर आल्यावर सगळे शहर लोटले. नाटकातला दुसरा पक्ष म्हणजे अडाणी पण सरळ मनाचा अमेरिकन पाहुणा. उमरावाघरची एक बाई त्याला शिष्टाचार शिकवून निघून जाते आणि मग तो रंगमंचावर एकटाच उरल्यावर तिला आपल्या गावठी भाषेत एक झणझणीत विशेषण लावतो. ते विशेषण म्हणजे धड कोशातला शब्दही नव्हता, परंतु त्यावर नाटकातला सर्वांत मोठा हशा येत असे. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये जॉन विल्क्स बूथ याच हशाची वाट पाहत उभा होता. तो स्वतः नट होता. कोणत्या वाक्याला किती आवाज उठतो हे त्याला पाठ होते. त्या हशातच त्याने लिंकनवर गोळी झाडली. हेल आणि अपशब्द यांच्या टकरीतून उठणाऱ्या हशाचा इतका अचूक हिशेब त्याच्याआधी किंवा नंतर कोणी केला असेल असे मला वाटत नाही. मी अनेक वर्षे हा प्रसंग वर्गात सांगत आलो, आणि प्रत्येक वेळी पोरे लिंकनपेक्षा त्या न कळणाऱ्या शिवीबद्दलच अधिक विचारीत.

शॉच्या 'पिग्मॅलियन'ने तर हेल आणि शिवी यांची सरळ गाठच मारून दाखवली. फुले विकणारी पोर काही महिन्यांत उमरावांचे उच्चार शिकते आणि मग एका दिवाणखान्यात त्याच मोत्यासारख्या उच्चारांत 'ब्लडी' म्हणून मोकळी होते. ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल यांनी तो शब्द उच्चारला आणि हशा मिनिटभराहून अधिक काळ थांबला नाही. पुढे लंडनमध्ये 'ब्लडी' न म्हणता त्याच्या जागी नाटकाचे नाव घालायची टूम निघाली. या विनोदाला दोन पाय आहेत: ऐकणाऱ्याला तो हेल किती वरचा हे कळले पाहिजे आणि तो शब्द किती खालचा हेही कळले पाहिजे. अमेरिकन प्रेक्षकापाशी पहिला पाय भक्कम असतो आणि दुसरा नसतोच. १९५६ साली याच नाटकावरून न्यूयॉर्कमध्ये 'माय फेअर लेडी' ही संगीतिका उभी राहिली, तेव्हा 'ब्लडी' गेला. आता नायिका घोड्यांच्या शर्यतीत, उंची टोप्यांच्या गर्दीत, आपल्या घोड्याला ढुंगण हलवायला सांगते. ढुंगणाला अटलांटिकच्या दोन्ही काठांवर साधारण सारखेच वजन आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी' आणली, तेव्हा या भानगडीत न पडता सगळा मामलाच मराठी वस्तीत नेऊन वसवला. भक्ती बर्वे यांच्या तोंडची भाषा पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या प्रवेशापर्यंत कशी पालटते हे ऐकणे हाच त्यातला सोहळा होता.

मात्र हेलाच्या मोहिनीत एक नुकसानही आहे, आणि ते ब्रिटिश नाटककाराचे होते. जेझ बटरवर्थ यांचे 'जेरुसलेम' हे नाटक २००९ साली लंडनच्या रॉयल कोर्ट या नाट्यगृहात आले आणि २०११ मध्ये ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेले. विल्टशायरच्या रानात जुनाट फिरत्या घरात राहणारा, दारुडा, थोर थापाड्या असा त्याचा नायक. मार्क रायलन्स यांना त्या भूमिकेसाठी टोनी हा अमेरिकन रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला. नाटकभर शिव्यांचा पाऊस आहे. ब्रिटिश प्रेक्षकाला त्या बोलीत नैर्ऋत्य इंग्लंडचे शेत, तिथले बेकार तरुण आणि त्यांना हुसकावणारी नगरपरिषद हे सारे एकदम ऐकू येते. 'बिली इलियट'ची संगीतिका २००८ मध्ये ब्रॉडवेवर गेली, तिच्यात तर डरहॅमच्या खाणकामगारांची लहान मुले आपल्या गावच्या हेलात बिनधास्त शिव्या देतात, आणि त्या शिव्यांमागे १९८४ चा संप, उपाशी घरे आणि पोलिसांच्या काठ्या आहेत. अमेरिकन प्रेक्षकाला विल्टशायर आणि डरहॅम यांतला फरक कळावा अशी अपेक्षा करणेच अन्याय्य आहे. सांगली आणि सोलापूर यांतला मला कळतो, पण दिल्लीच्या माणसाला कळेल काय? अमेरिकन प्रेक्षकाला दोन्ही 'ब्रिटिश' वाटतात. त्याने दाद मनापासून दिली, पुरस्कारही दिले. पण शिवीतला वर्ग मात्र त्याच्या कानाच्या बाहेरच राहतो.

उलट दिशेने काय होते याचेही एक उदाहरण मला फार आवडते. डेव्हिड मॅमेट या शिकागोच्या लेखकाचे 'ग्लेनगॅरी ग्लेन रॉस' हे जमिनी विकणाऱ्या दलालांचे नाटक, ज्यात शिवी हे जवळजवळ विरामचिन्ह आहे, ते पहिल्यांदा अमेरिकेत झालेच नाही. १९८३ साली ते लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये झाले, आणि तिथे पाठवले ब्रिटिश नाटककार हॅरॉल्ड पिंटर यांनी. ब्रिटिशांना त्या शिव्यांत आधी लय ऐकू आली असणार, असा माझा तर्क आहे. परक्याच्या शिवीत लय ऐकू येणे हे तर आम्ही त्या जतच्या पोराकडून शिकलो होतोच. ब्रिटनमध्ये रंगमंचावर मोकळेपणाने बोलता येऊ लागले तेही बऱ्याच उशिरा. भावे सांगलीत सीतेचे स्वयंवर मांडत होते त्याच १८४३ साली ब्रिटनमध्ये नाटकांवर लॉर्ड चेंबरलेनची, म्हणजे नाटके तपासून परवानगी देणाऱ्या राजदरबारी अधिकाऱ्याची, कात्री कायम ठेवणारा कायदा झाला होता. ती कात्री २६ सप्टेंबर १९६८ रोजी गेली, आणि दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये जे उघडे आणि शिवराळ नाटक सुरू झाले ते 'हेअर', म्हणजे अमेरिकेतून आलेले.

आता पुण्याकडे येतो. माझ्या मते तिथे न्यूयॉर्कच्या तळघरातलेच झाले, फक्त ते उताराच्या दिशेने झाले. त्या बाईंना हेलात राजवाडा ऐकू आला म्हणून शिवी विरघळली. पुण्याच्या प्रेक्षकाला आमच्या हेलात विनोद ऐकू आला म्हणून शोक विरघळला. कृष्णाकाठचा माणूस मुंबई-पुण्याच्या नाटक-चित्रपटांत कैक वर्षे येतो तो गडी म्हणून, बेरकी पाटील म्हणून, इरसाल म्हातारी म्हणून. 'बशिवला' हा उच्चार कानावर पडला की, पुढचे वाक्य ऐकण्याआधीच ओठ हसायच्या तयारीला लागतात. आमच्या भाषेला समीक्षक 'रांगडी' म्हणतात, आणि ते कौतुकानेच म्हणतात, हे मला माहीत आहे. ती अमेरिकन बाईसुद्धा कौतुकानेच बोलली होती.

शिवीवर हसूच नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ जत्रेत बतावणी करीत, तेव्हा त्यांच्या तोंडच्या फटकळ बोलण्याला माणसे बैलगाडीच्या साटीवरून पडेपर्यंत हसत. पण ते हसणे घरातले होते. ज्या तोंडाने हसायचे त्याच तोंडाने सकाळी पोराला आणि बैलाला तेच शब्द सुनवायचे असत. त्यामुळे कोणत्या शब्दावर हसायचे आणि कोणत्या शब्दावर गप्प बसायचे हे कोणाला शिकवावे लागत नसे. आमच्या घरी माझी आजी नातवंडांना दिवसभर मुडदा म्हणत असे. सत्तरच्या दशकात धाकट्या काकांचा मुलगा तापाने गेला, त्यानंतर त्या माउलीने तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. नाटकातला प्रसंग मला तेथूनच सुचला, आणि माझी नायिका आजीसारखी गप्प न होता तोच शब्द का उच्चारते, याचे उत्तर मला अजूनही पूर्ण देता येत नाही.

इतके सगळे गाडीत बोलून झाल्यावर ताईंनी शांतपणे मला जमिनीवर आणले. "सर, अमेरिका राहू द्या. पुण्याला पहिल्या अंकात ते वाक्य म्हटलं आणि हशा आला. दुसऱ्यांदाही आला. तिसऱ्यांदा मी हशासाठी थांबले." हे मात्र मी पाहिले नव्हते, किंवा पाहूनही लक्षात घेतले नव्हते. सांगलीत पहिल्या अंकात त्या वाक्यावर कोणी हसत नाही, कारण ते वाक्य म्हणजे 'जेवायला ये' एवढेच असते. पुण्यात हसू आले, आणि कोणत्याही जिवंत नटाप्रमाणे ताईंच्या अंगातल्या नटीने ते झेलले, त्याला जागा दिली, पुढच्या वेळी वाक्याच्या आधी किंचित श्वास घेतला. अंक संपेपर्यंत तीनशे माणसांना आम्हीच शिकवून ठेवले होते की हे वाक्य आले की हसायचे असते. त्यांनी दुसऱ्या अंकात शिकवल्याप्रमाणे केले. हेलाने दार उघडून दिले होते हे खरे. पण आत बोलावून बसवले ते आम्ही.

पुढच्या महिन्यात पुन्हा पुण्याला प्रयोग आहे. वाक्य बदलायचे नाही, त्याला प्रमाण मराठीचे कपडे घालायचे नाहीत, एवढे ठरले. आता पहिल्या अंकात ताई ते प्रेक्षकांकडे पाठ करून, चुलीत फुंकर घालता घालता, अर्धे गिळून म्हणतात, आणि लगेच पुढचे वाक्य घेतात, म्हणजे हशाला मध्ये पाय ठेवायला जागा राहत नाही. गेले पंधरा दिवस आम्ही तेवढेच घोटत आहोत. आमच्या तालमीच्या हॉलसमोर चहाची टपरी आहे. तिथला मुलगा रोज चहा घेऊन येतो आणि कप गोळा होईपर्यंत दाराशी उभा राहून तालीम बघतो. आजवर त्या वाक्याकडे त्याने कधी लक्षही दिले नव्हते. काल तो कप उचलता उचलता थांबला, ताईंच्या पाठीकडे बघत राहिला आणि मला हळूच विचारले, "सर, मावशी आज कुणावर चिडल्यात?"